अर्धी दृष्ट

माझ्या हातून पहिलं इंजेक्शन दिलं गेलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. सुई कुठे टोचायची, किती आत न्यायची, औषध किती सावकाश सोडायचं, सगळं हातांनीच केलं. डोळे उघडले तेव्हा माझा अंगठा कापसाचा बोळा धरून त्या जागेवर गोल फिरत होता आणि कॉटवरचे आजोबा विचारत होते, "टोचली काय? कवा?"

कोर्सला लागून मला दोन आठवडेही झाले नव्हते.

पूर्वी एएनएम नर्सिंगच्या मुलींना पहिले सहा महिने वॉर्डाचं दार दिसत नसे. रबरी बाहुलीच्या दंडावर टोचत बसायचं, रिकाम्या कॉटवर चादरी घालायच्या आणि काढायच्या. आता सरावमोजे आले आणि आम्ही थेट पेशंटजवळ उभ्या राहू लागलो. मी बीएस्सी झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्न झालं, जुई झाली, ती वर्षाची झाली तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याला जोडलेल्या शाळेची जाहिरात पाहिली. माझे हात मुळात धांदरट. दुधाचं भांडं उतरवताना सांडणारच. तरी अर्ज केला, कारण जाहिरातीत लिहिलं होतं की हात आम्ही देऊ.

मोजा कोपरापर्यंत येतो. बोटांची टोकं उघडी असतात, कारण पेशंटची कातडी आपल्याच कातडीला लागली पाहिजे. आत बारीक तारांची जाळी. ती स्नायूंना अगदी सौम्य विजेचा इशारा देते आणि तो इशारा आपल्या विचाराच्या किंचित आधी पोचतो. त्यामुळे कुणी हात ओढतंय असं वाटत नाही. आपणच ठरवलं असं वाटतं. पोळी लाटताना लाटणं कुठे दाबायचं याचा विचार कोण करतं? ते काम डोक्याच्या मागे, खाली, लहान मेंदूत होतं. तिथे एकदा चाल बसली की बसली. मोजा रोज घातला की काही आठवड्यांत तो काढला तरी हात तसेच चालतात.

चाल होती भंडारे सिस्टरांची. त्यांची सगळी नोकरी याच दवाखान्यात झाली. निवृत्तीआधीची तीन वर्षं त्या नोंद घेणारे मोजे घालून काम करत होत्या. मोजे नुसत्या हालचाली टिपत नव्हते. पेशंटला हात लावल्यावर बोटांना काय लागलं, म्हणजे गरम, गार, ओलं, ताठ, सैल, आणि त्यानंतर हातांनी काय केलं, अशी जोडी ते टिपत होते. म्हणजे यंत्राने कसं करायचं ते घेतलं, तसंच केव्हा करायचं तेही घेतलं. त्या केव्हाचं कारण सिस्टरांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

आम्ही मुली सकाळी एकमेकींना विचारायचो, "काय गं, भंडारे घातल्या का?"

घरी मजाच झाली. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघायच्या. "आई, असं काय बघता?" म्हटलं तर म्हणाल्या, "दूध उतरवलंस आणि सांडलं नाही, ते बघतेय." नवरा, विश्वजित, फौंड्रीतून आला की दारातूनच ओरडायचा, "सिस्टर, पेशंटला चहा मिळेल का?" मी जुईचं दुपटं घातलं की चारही कोपरे दवाखान्यातल्या चादरीसारखे काटकोनात दुमडलेले असायचे. मोजे कपाटात आणि कोपरे दुमडलेले. मला त्याचा अभिमान वाटायचा.

स्त्री वॉर्डात कोपऱ्याच्या कॉटवर एक बाई होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या. टाके चांगले होते, दुसऱ्या दिवशी घरी जायच्या होत्या, मला मेथीच्या लाडवांची कृती सांगत होत्या. मी उशी सारखी केली. मग माझे दोन्ही हात वर गेले, बोटं उलटी झाली आणि बोटांच्या पाठी त्यांच्या कानशिलांपासून गालांवरून हनुवटीपर्यंत उतरल्या. हळू, एकदाच. हात परत माझ्याजवळ आले.

ताप बघितला असेल, असं मला वाटलं.

शेजारच्या कॉटपाशी एक म्हातारी बसली होती. ती हसून म्हणाली, "पोरी, दिष्ट काढतीस तर बोटं मोड की. अर्धीच सोडलीस व्हय?"

खरंच. आपल्याकडे पोराच्या तोंडावरून असे हात फिरवतात आणि मग आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडतात. माझे हात वाटेतच थांबले होते. मी हसले आणि पुढच्या कॉटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली कॉट रिकामी होती. पहाटे फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून त्या गेल्या म्हणे.

मी लक्ष ठेवणारी बाई आहे. जुई झाल्यापासून जास्तच. ती झोपली की तिची छाती हलते की नाही हे मी उठून बघते. तशीच आता हातांवर नजर ठेवू लागले. मध्ये बरेच दिवस काही झालं नाही. मग डायलिसिसच्या एका काकांच्या गालांवरून हात फिरले. मग एका पोरसवदा बाळंतिणीच्या. काका गेले. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, धावपळ झाली, ती वाचली.

अफसाना माझ्याच बॅचची, डबा खायला माझ्याशेजारी बसणारी. तिला विचारलं, "तुझे हात असं करतात का गं?"

"ताप बघतो आपण तसा."

"ताप कपाळाला बघतात, अफसाना."

तिने भाकरीचा तुकडा हातातच धरला. "त्या बाळंतिणीला मीपण केलं होतं," ती म्हणाली. "तुझ्याआधी. मला वाटलं, लहान आहे, मला माया आली."

भंडारे सिस्टर दवाखान्यामागच्याच गल्लीत राहत होत्या. मी दुपारी गेले. त्यांची बोटं आता संधिवाताने वाकडी झाली होती. मांडीवर ठेवलेली, जणू दुसऱ्या कुणाची असावीत अशी. मी कपभर चहा त्यांच्या हातात दिला, तर म्हणाल्या, "बशीत ओत. मला धरवत नाही."

मी ती हालचाल करून दाखवली.

"हे मी करायचे?"

"तुमच्याच नोंदीतलं आहे, सिस्टर."

"आमची आई करायची असं. घरी, आमच्यावर. वॉर्डात करत असेन. कुणाबद्दल धाकधूक वाटली की. पण बोटं मोडायचे ना? बोटं मोडल्याशिवाय दृष्ट उतरत नाही, गं. राहते ती."

बोटं मोडायचं काय झालं ते मगदूम मॅडमनी मोजे बनवणाऱ्या पुण्याच्या इंजिनीअरला फोन करून विचारलं. मगदूम मॅडम आमच्या ट्यूटर, स्वतः जुन्या पद्धतीने शिकलेल्या, मोजा कधीच न घातलेल्या. इंजिनीअर आनंदाने सांगत होता. नोंदी साफ करताना त्यांनी सिस्टरांचे हात स्वतःच्या अंगाकडे गेले अशी प्रत्येक हालचाल काढून टाकली होती. चष्मा सरकवणं, पदर खोचणं, डोकं खाजवणं. त्यातच कानशिलंही गेली. राहिलेला अर्धा भाग पेशंटच्या अंगावरचा, म्हणून त्यांनी तो तापमानाची तपासणी समजून ठेवला.

"आणि तो कुठल्या पेशंटला होतो?" मॅडमनी विचारलं.

"ते हातच ठरवतात, मॅडम. तेच तर यश आहे."

मी सिस्टरांना निघता निघता एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही कितीदा बरोबर असायचात?

"मोजत बसले नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "वाचायचीसुद्धा माणसं."

एका रविवारी सकाळी मी जुईला न्हाऊ घातलं. तिला थोडी सर्दी होती. शनिवारी अंग जरा कोमट लागलं होतं, औषधाचे थेंब दिले, उतरलं. न्हाऊन ती पंच्यात बसली होती, केस उभे, हातात साबणाची रिकामी डबी, ती डोक्यावर ठेवून "टोपी" म्हणत होती. मी तिचे पाय पुसले. मान पुसली.

माझे हात वर गेले.

मी ते थांबवायचा प्रयत्न केला. हे मला स्पष्ट आठवतं. पण थांबवायचं तर आधी कळावं लागतं आणि मला कळेपर्यंत बोटं उलटी होऊन तिच्या कानशिलांना लागली होती. गालांवरून हनुवटीपर्यंत. हळू, एकदाच. जुईला गुदगुल्या झाल्या. ती खुदकन हसली.

मी ओरडले असणार, कारण विश्वजित तोंडाला फेस लावलेलाच आत आला. मी हात पाठीमागे धरून भिंतीला टेकले होते.

"काय झालं? पडली?"

"हिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

रविवार असूनही डॉक्टर शिंत्रेंनी आपल्या घरीच तिला बघितलं. छाती तपासली, घसा पाहिला, कान पाहिले. जुईने त्यांची नळी ओढली. "सर्दी आहे," ते म्हणाले. "खेळतेय की मस्त. तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?"

मी जुईला उचलायला विश्वजितला खुणावलं.

रिक्षात विश्वजितने तिला मांडीवर घेतलं. घरी आल्यावर म्हणाला, "हेमांगी, मी तुझ्यावर चिडत नाहीये. पण वॉर्डात बघतेस ते सगळं घरी घेऊन येतेस. तुझ्या डोक्यात बसलंय ते हातात उतरतंय."

"डोक्यात आधी आलं नाही. हातात आधी आलं."

"दवाखान्यातलं वारं लागलंय हिला, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मीठ-मोहऱ्या घेतल्या, जुईवरून ओवाळल्या आणि त्या जाळायला गॅस पेटवला. मग रागाने माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू तिला जरा जवळ घे. पोर मघापासून हात वर करून उभी आहे, दिसत नाही?"

जुई माझ्यापुढे हात वर करून उभी होती. मी तिला घेतलं नाही. हात पुन्हा काही सांगतील या भीतीने घेतलं नाही.

विश्वजितचं म्हणणं मी दुपारपर्यंत चघळत राहिले. ते खरं असू शकत होतं. मी घाबरट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझं भय माझ्या हातांना चालवत असेल तर माझ्या हातांची साक्ष काय कामाची? पण तीच चाल बसलेले हात आणखीही होते. त्या हातांच्या मालकिणींना जुईबद्दल कसलंही भय नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास मी जुईला घेऊन मुलींच्या होस्टेलवर गेले. कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, "हिला तुम्हाला भेटायचं होतं."

"अय्या, ही ती जुई होय!" रोहिणीने तिला उचललं. केस धुऊन मुली गच्चीच्या पायऱ्यांवर उन्हात बसल्या होत्या. जुई जरा मंद होती, पण हसत होती. रोहिणीने तिला हवेत उडवलं, झेललं, गालाचा पापा घेतला आणि खाली ठेवलं. बस, तेवढंच. माझ्या छातीवरचा दगड हलला.

"दे इकडे," म्हणत दीपालीने तिला मांडीवर ओढलं. दीपाली मागे वळून कुणाला तरी सांगत होती, "अगं, त्या मेसवाल्याला सांग, उद्या पोहे नकोत, उपमा कर—" आणि बोलता बोलता, न बघताच, तिचे दोन्ही हात वर आले, बोटं उलटली आणि जुईच्या गालांवरून उतरली. "—आणि चहात साखर कमी."

तिला कळलंही नव्हतं.

"माझ्याकडे, माझ्याकडे," अजून एकीने तिला घेतलं. जुईच्या पायातलं पैंजण वाजवून दाखवलं. "कुणी आणलं गं हे? बाबांनी?" हात वर, बोटं उलटी, कानशिलं, गाल, हनुवटी. "छान आहे हं."

मग रोहिणीच परत वाकली. पडलेली टोपी जुईच्या डोक्यावर ठेवायला. टोपी ठेवली. मघाशी उडवताना राहिलेलं आता तिच्या हातांनी करून टाकलं.

अफसाना पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभी होती. ती बघत होती. माझ्याकडे बघून तिने आपले दोन्ही हात काखेत घट्ट दाबून घेतले आणि म्हणाली, "मी नाही हात लावणार. हेमांगी, मी लावणार नाही." मग ओल्या केसांच्या, हसऱ्या तोंडाच्या मुली आपापल्या हातांकडे बघू लागल्या.

मगदूम मॅडम खालच्या खोलीत राहतात. काय झालं ते त्यांना अफसानाने सांगितलं. त्यांनी जुईचा तळपाय हातात घेतला, मग कपाळ. पाय गार होते, कपाळ तापायला लागलं होतं. एवढ्या उन्हात. त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि कोल्हापूरला नेताना स्वतः आमच्याबरोबर बसल्या. तोवर जुई हाक मारली तरी डोळे उघडायला वेळ लावत होती.

रक्तात जंतू पसरले होते. शनिवारच्या कोमट अंगात ते काय करत होते कुणास ठाऊक. तिथल्या डॉक्टर बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोलत असते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कशावरून संशय आला?"

"मी नर्सिंगला आहे," मी म्हटलं.

जुई वाचली. तिच्या छोट्या हाताला फळी बांधून सलाइन लावलेली, पण तिने हळूहळू पाणी मागितलं, मग खिचडी, मग टोपी. मी तिच्या कॉटशेजारी हात ओढणीत गुंडाळून बसायचे. तिला सासूबाई भरवायच्या, सासूबाई पुसायच्या. त्यांनी एकदा माझी ओढणी सोडवून माझे हात आपल्या हातात घेऊन बघितले, उलटसुलट. मग परत ठेवून दिले, गरम भांडं ठेवावं तसे.

शाळेने नंतर सगळ्यांची बैठक घेतली. पुण्याचा इंजिनीअर आला. तो घाबरलेला होता आणि खूशही होता. आजार ओळखायला याचा किती उपयोग होईल, असं म्हणाला. पण अशा हातांनी पेशंटचे नातेवाईक हवालदिल होतील, कोर्टकचेऱ्या होतील, असं दवाखान्याच्या ट्रस्टचं म्हणणं पडलं. नव्या मोज्यांतून ती हालचाल काढायची ठरली. आमच्या हातांत ती बसलेली होती, म्हणून आमच्यासाठी उलटे मोजे आणले. हात वर जायला लागला की उलटा इशारा देऊन ती चाल मोडून टाकायची. काही आठवडे घातले की हात उतरतात. मुली त्याला तसंच म्हणायच्या, "उतरवलेस का?" रोहिणीने उतरवले. दीपालीने उतरवले. अफसानाने सगळ्यांत आधी. तिला दुसरा महिना होता आणि तिला पोटाला हात लावायची भीती वाटत होती.

"तूही उतरव," विश्वजित म्हणाला. तो जुईसाठी मऊ भात कालवत होता. "जे व्हायचं ते झालं. तुझ्या हातांनी तिला वाचवलं, मी पाया पडतो त्यांच्या. पण आता मला घरात जुईची आई पाहिजे. भंडारे सिस्टर नको."

"आणि परत काही झालं तर?"

"तर जगातल्या बाकीच्या आयांना जेव्हा कळतं, तेव्हा तुला कळेल."

मी गेले. खरंच गेले. जुईला बरोबर नेलं. सरावाच्या खोलीत इंजिनीअरच्या हाताखालच्या मुलाने माझ्या हातात उलटे मोजे चढवले, पट्टे आवळले आणि विचारलं, "सुरू करू, ताई?" जुई समोर जमिनीवर बसून एका पट्ट्याचं बक्कल उघडझाप करत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या नाकाखाली थोडं ओलं होतं. सर्दी असेल. नुसतीच सर्दी असेल.

"थांबा," मी म्हटलं आणि पट्टे सोडायला लागले.

विश्वजित आता जुईला घेऊन हॉलमध्ये झोपतो. भांडत नाही. मी तिच्याजवळ गेले की तो हातातलं ठेवून माझे हात परत येईपर्यंत त्यांच्याकडेच बघतो. मग वळून आपल्या कामाला लागतो.

मी रोज बघते. सकाळी उठल्यावर, डबा भरून झाल्यावर, वॉर्डातून आल्यावर. दिवसातून किती वेळा ते विचारू नका. आधी पाय पुसते, मान पुसते, जवळ घेते, हातांना काही म्हणायचं असेल तर संधी देते. अजून तरी काही म्हटलेलं नाही.

जुई आता धावते. माझा आवाज आला की दारापर्यंत धावत येते, पूर्वीसारखी हात वर करून नाही. माझ्यापुढे येऊन थांबते. हसायचं बंद करते. डोळे मिटते आणि इंजेक्शनसाठी दंड पुढे करावा तसा चेहरा पुढे करते, हनुवटी जरा वर, ओठ घट्ट मिटलेले.

मी खाली बसते आणि तिच्या अंगाला हात लावते. मग आम्ही दोघी वाट बघतो.